बाबांचा घोट

प्रिय बारक्या,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोन वाजला की बाबा कान टवकारतात. अंगात त्राण नाही, कान मात्र शाबूत. म्हणून स्वयंपाकघरात बसून मेल लिहितेय. आई आत त्यांची पाठ पुसतेय. काल तुझा निरोप वाचला, की तक्ता ठीक दिसतोय, पाणी नीट जातंय, तेव्हा हातातलं काम संपवून दोन महिन्यांनी निवांत येतो. वाचून धड राग येईना, धड रडू येईना.

बाबांचं पाणी लिहायचा तो ऑनलाइन तक्ता तू करून दिलास तेव्हा घरात केवढा गोंधळ घातला होतास! बाबांचं हृदय थकलेलं, अंगात पाणी साठायचं, म्हणून पाणी मोजून द्यायचं ठरलं. तू मिलिलिटरवर अडून बसलास आणि बाबा मापाचा ग्लास बघूनच भडकले, मी काय औषधाची बाटली आहे का म्हणून. शेवटी ते आपल्या पेल्यातूनच प्यायले आणि आई घोट मोजू लागली. मी अतिशहाणी, चौकोनात ‘तीन घोट’, ‘पाच घोट’ असं लिहीत सुटले, आणि खाली बेरीज शून्य. तू पोट धरून हसलास. “ताई, शब्दांची बेरीज होत नाही,” म्हणालास. मग शिकवलंस, की चौकोनात नुसता आकडा टाकायचा, आणि आकडा कसा दिसावा ते ठरवणाऱ्या फॉरमॅटमध्ये शून्यापुढे अवतरणचिन्हांत घोट लिहून ठेवायचं. मग शब्द आपोआप दिसतो आणि बेरीजही होते.

पण घोट म्हणजे केवढा, हा तुझा पुढचा प्रश्न. बाबांना एक घोट तोंडात घेऊन वाटीत टाकायला लावलास आणि बिनसुईच्या सिरिंजने मोजलास. वीस मिली भरला. “लिहून ठेवा, सरकारी माप झालं,” असं बाबा म्हणाले होते. किती दिवसांनी हसले होते रे ते.

नंतर तिकडे गेल्यावर तुला राहवेना. तू तिथूनच परस्पर फॉरमॅटमधला घोट काढून मिली घातलंस, आणि चाळीस घोटांचे चाळीस मिली दिसायला लागले. वर तूच घाबरून आईला झापलंस, की माणूस तहानेने मरेल. आकडा तोच होता, नुसतं त्याचं आडनाव बदललं होतं. आई बिचारी दिवसभर जेवली नाही. तेव्हापासून ती घोट मोजताना कुणाशी बोलत नाही, दारावरची बेल वाजली तरी उठत नाही.

बाबांची खाट आता खिडकीपाशी घेतलीय. खुर्चीत बसवत नाही. दाढी मी करते, गाल आत गेल्यामुळे वस्तरा अडखळतो. मध्येच विचारतात, बारक्या जेवला का. आम्ही हो म्हणतो.

तुला रोज चाळीस घोट दिसतात, ते खरेच आहेत. आई एकही चुकवत नाही. पण आज सकाळी पाणी ओठांच्या कडेने ओघळलं. तीच वाटी घेतली, तशीच सिरिंज. घोट भरला जेमतेम तीन मिली. बाबांचा घोट आटत गेला, बारक्या, आणि आपला तक्ता त्याला घोटच म्हणत राहिला. डॉक्टरीणबाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, आता मोजू नका, मागतील तेवढं द्या. आईला याचा अर्थ मी अजून सांगितलेला नाही. तू आलास म्हणून ते वाचणार नाहीत, ती आशा मलाही उरलेली नाही. पण आज माणूस ओळखतात, उद्याचं माहीत नाही. तक्ता उघडू नकोस आता. मिळेल त्या गाडीने नीघ.

तुझीच, दाराकडे बघत बसलेली,
ताई