कोकराच्या कानाची खूण

२७ फेब्रुवारी २००६
कोकराने दगा दिला! मेंढ्यांच्या नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम हे माझं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. 'मेंढी' हा क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, झकास चालतो. त्याच्यापासून 'कोकरू' काढला, तर जावा एरर दाखवतंय. आईचं सगळं लेकराला मिळतं असं सरांनीच शिकवलं ना? मग?

नऊ मार्चला परीक्षक येणार. पास झाले तरच पुण्याची नोकरी पक्की. पण वडिलांनी पाठवलं तर! विचारलं की म्हणतात, "बघू." आण्णांचं 'बघू' म्हणजे 'नाही'.

२ मार्च
मैत्रीण पुष्पा म्हणते, "कोकरू सोड की, नुसत्या मेंढ्या दाखव." वा गं वा!

५ मार्च, रविवार
आण्णा नव्या कोकरांच्या कानाला खूण करत होते. आमची खूण म्हणजे डाव्या कानाला तिरपा काप. मी कोकरू धरून बसलेले. वैतागलेलीच होते. म्हटलं, आईच्या कानाला आहे ना, मग पोराला परत कशाला?

आण्णा हसायलाच लागले. "अगं, रंग आईचा येतो, लोकर येती. खूण न्हाई येत. ती ज्याची त्याला करावी लागती."

कोकरू सोडून उठलेच मी! मालकाची खूण मागणारा कन्स्ट्रक्टर, म्हणजे नवी नोंद तयार करणारा भाग, मी 'मेंढी'त लिहिलाय. तो 'कोकरू'ला वारशाने मिळतच नाही, त्याचा त्याला लिहावा लागतो. पुस्तकात वाचलं होतं, डोक्यात आज शिरलं.

६ मार्च
लिहिला — तरी एरर! जन्मतारीख आधी भरली होती, सुपर, म्हणजे आईच्या कन्स्ट्रक्टरला हाक, नंतर. सुपर पहिल्याच ओळीत हवं. आधी मालकाची खूण, मग स्वतःचं. ओळ वर नेली आणि चाललं! लॅबमध्ये ओरडले. सर म्हणाले, "हर्षाली, आठवडे बाजार हाय का हा?"

९ मार्च
परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं — कोकराला वेगळा कन्स्ट्रक्टर कशाला? आण्णांचं वाक्य ठोकून दिलं. ते हसले, बाकी काही विचारलंच नाही. पास! पास! घरी येऊन सांगितलं. आण्णा म्हणाले, "बघू."

१२ मार्च
आण्णांनी आज एक कोकरू माझ्या मांडीवर ठेवलं. डाव्या कानाला आमचा काप केला आणि कातर माझ्या हातात दिली. "उजव्या कानाला तुझी खूण कर. आपल्यात पोरींची येगळी खूण नसती. तुझी असू दे. तू पुण्याला गेलीस का मी संभाळीन हिला."

मी कातर चालवली. काप वाकडाच आला.

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "लांबून वळखू येईल."