सहा दशांश

मंगळवार, ५ नोव्हेंबर

“जिभेला नातेवाईक नसतात, ओदालिस.” अठरा वर्षांपूर्वी, मी कारखान्यात सिगारींची परीक्षक म्हणून पहिल्यांदा बसले त्या सकाळी आमचे प्रमुख निकासियोकाका म्हणाले होते. आज त्याच काकांनी हवानाहून आकडेशास्त्र शिकलेली मुलगी आणली – यामिल्का. आमच्या जिभा मोजायला.

आम्ही पाच जण. सकाळी नऊला बसतो, दोन सिगारींच्या मध्ये बिनसाखरेचा चहा. ओढ, राख, वास, चव – सगळं मिळून दहापैकी गुण. सिगार कोणी वळली ते कळत नाही, नुसता नंबर; नावं बंद लिफाफ्यात. आता एकाच हातची सिगार दोन वेगळ्या नंबरांनी समोर येणार. कोण डगमगतं ते दिसेल.

आमच्यातला फेलिसियानो कुरकुरला, उद्या बायकोच्या भातालाही गुण द्यायला लावाल. यामिल्का म्हणाली, द्या की, फक्त तिला दोनदा वाढायला सांगा आणि भात तोच आहे हे तुम्हाला कळू देऊ नका. काका चहा सांडेपर्यंत हसले.

शुक्रवार, ८

सगळ्यांत स्थिर मी! दोन्ही वेळा जवळजवळ तेच गुण. फेलिसियानो पार घसरला. घरी येताना उगाच ताठ चालले.

सोमवार, ११

प्रत्येक कारागिराची वर्षाची सरासरी निघणार. साडेआठच्या वर असेल त्याला नववी श्रेणी, म्हणजे अवघड घडणीच्या सिगारी वळायला मिळणार. लिओविहिल्दो चौदा वर्षं आठवीत अडकलाय. म्हणे, वरच्या दालनातली खिडकीजवळची जागा त्याने आधीच बघून ठेवली आहे.

आमचं मोडलं त्याला सात वर्षं झाली. जिन्यात मान हलवतो, मीही हलवते.

आज पहिल्यांदा मनात आलं – नकळत मी त्याचे गुण कापत तर नाही ना?

बुधवार, १३

यामिल्काला विचारलं. नावांचा लिफाफा आता फुटलाय, तेव्हा प्रत्येक कारागिराला मी दिलेले गुण आणि बाकी चौघांचे, शेजारी शेजारी मांडशील? का, तेही सांगितलं. तिने विचारलं, “कमी निघतील असं वाटतं?”

हो म्हटलं.

मंगळवार, १९

एक्केचाळीस कारागीर. चाळिसांच्या बाबतीत माझ्यात आणि बाकीच्यांत नावाला फरक.

लिओच्या पुढे सहा दशांश. जास्त.

एखाद्या महिन्यात नाही, अकराही महिने. यामिल्काने कागद माझ्याकडे फिरवला आणि चहा टाकायला निघून गेली. पोर समजूतदार आहे.

दुपारभर विचार केला, नंबरामागचा माणूस मला कळला कसा? मग कळलं. लिओ डावखुरा. त्याच्या सिगारीच्या टोकावरची पानाची टोपी उलटी वळलेली असते. टोक कापण्याआधी बोटं त्यावरून फिरतातच. बोटांना कळत होतं, मला नाही. परीक्षक होण्याआधी, त्याच्या शेजारच्या वळायच्या फळीशी बसून नऊ वर्षं ते टोक बघितलंय मी.

स्थिर होते, हे खरंच. स्थिरपणे चुकत होते.

गुरुवार, २१

माझ्यासकट त्याची सरासरी ८.५५. माझे गुण वगळून ८.४३.

काका म्हणाले, “फाड तो कागद, मुली. कोणाचं काय बिघडलंय?” बिघडलं कोणाचंच नाही, हे मलाही मान्य. पण उरलेल्या चाळीस जणांना असे सहा दशांश कोणी दिले? त्याच्या सरासरीतून माझे गुण काढा, असं लिहून सही केली. काकांनी कागद घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवार, २२

यादी लागली. त्याचं नाव नाही. एका परीक्षकाचे गुण काढले, एवढंच त्याला कळवलं.

जेवणाच्या सुट्टीत स्वतःच आला. दारातच उभा. कोणाचे गुण काढले, विचारलं. माझे, म्हटलं.

“म्हणजे इतका राग होता?”

“कमी नव्हते दिले, लिओ. जास्त होते.”

बोटांवरचा डिंक खरवडत त्याने विचारलं, “किती?”

सांगितलं. तो जिना उतरून खाली गेला.

शनिवार, २३

सकाळी त्याच्या फळीवर चिठ्ठी ठेवून आले. येणार नाही, हे धरूनच लिहिली आहे – उद्या दुपारी माझ्याकडे जेवायला येशील?