बायांच्या वॉर्डातला फ्लॅट

२ नोव्हेंबर
आले एकदाची! अहमदपूरबाहेर माळावरच्या जुन्या क्षयाच्या दवाखान्याचे आता फ्लॅट झालेत. पूर्वी जिथे बायांचा वॉर्ड होता तिथला फ्लॅट पंचशीला साहेबराव सोनकांबळे, बँक अधिकारी, म्हणजे माझ्या एकटीच्या नावावर आहे. उंच छत, दगडी भिंती, ऐसपैस व्हरांडा. आडनाव ऐकून 'खोली नुकतीच गेली' म्हणणाऱ्या झाडून सगळ्या घरमालकांना बोलावून हे छत दाखवणार आहे. धाकटी बहीण मनिषा नांदेडहून सामान लावायला आली होती. खिचडी करपवून गेली.

६ नोव्हेंबर
संध्याकाळी चहाच्या वेळी दाराबाहेर कुणीतरी खोकतं. उघडलं की कुणी नाही. खालच्या मजल्यावरच्या साखराबाईंना विचारलं. त्यांच्या थोरल्या जावेला तरुणपणी इथे ठेवलं होतं. म्हणाल्या, "बरी झाली तरी घरच्यांनी आत घेतली न्हाई, माय. इथंच गेली. अशा लई बाया हायत. त्यांना ये म्हणू नको."
माझं डोकंच फिरलं. माझ्या आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. माझ्या घरात तसलं काही चालणार नाही.

७ नोव्हेंबर
खोकला ऐकू आला तसं दार सताड उघडलं आणि ठणकावून सांगितलं, आत या, बसा, चहा घ्या. गार वारा अंगावरून आत गेला. बराच वेळ आत जातच राहिला.

१२ नोव्हेंबर
घर भरलंय. सोफ्याच्या गाद्या दबलेल्या, पलंगावर खळगे, उशीवर लांब पांढरे केस. भीती वाटते, खोटं कशाला लिहू? बिल्डर म्हणतो फ्लॅट बदलून देतो. साखराबाई म्हणतात हाकलून दे. बोलावलेल्यांना हाकलायला मी काय त्या घरमालकांतली आहे?

१९ नोव्हेंबर
आता मलाही खोकला. तपासणीत काही निघत नाही. सगळ्या एकदम श्वास घेतात, मग मला हवा उरत नाही. जरा सरकून बसा म्हटलं. सरकल्या. मधे माझ्यापुरती जागा ठेवली —

२३ नोव्हेंबर
उठवत नाही. तरी घर सोडणार नाही. मनिषाला फोन केला. येते म्हणाली, पण माझा खोकला ऐकून तिचा आवाज आखडला —

२४ नोव्हेंबर
मनिषा आली. तोंडाला ओढणी. मी म्हटलं, ये. ती बाहेरच. डबा फरशीवर ठेवला, पायाने माझ्याकडे सरकवला आणि जिना उतरली. माझी सख्खी बहीण!
डबा उचलला नाही. रडले. मग असा संताप आला —
मागे सगळ्या उठून उभ्या राहिल्यात. आज पहिल्यांदाच चेहरे दिसतायत. एकीने माझा हात धरलाय, गार आहे, पण घट्ट. मनिषा अजून फाटकापाशी ऑटोची वाट बघतेय. आता ये म्हणत बसणार नाही. आम्हीच सगळ्या खाली उतरतोय, नांदेडला, तिच्या घरी राहायला, आणि आत घेत नाही म्हणाली तर —