माझ्या अंगठ्याचा खळगा

रविवार, संध्याकाळ

जाण्याआधी बाबांनी त्यांची चामडं कापायची रापी धाकट्या सुमनला दिली. थोरला मी असून! आता मूठ तडकली, तर बाईसाहेब खडकीहून थेट माझ्या दारात. "दादा, मूठ करावी तर तूच." रापी घेताना नाही आठवला दादा.

केली मूठ, शिसवाची. अंगठ्याचा खळगा मात्र मुद्दाम माझ्या मापाने कोरला. बसू दे अडखळत.

तिचा अंगठा त्या खळग्यात हरवलाच. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

तर म्हणते, "बाबांच्या मुठीतही असाच हरवायचा. तुझा हात अगदी त्यांचा आहे, दादा."

रापी पिशवीत टाकून गेलीसुद्धा.

हात मला देऊन रापी तिला! असं कोण करतं, बाबा?