तळपायाकडून निरोप नाही

धाकटीस थोरलीचा तोंडभर आशीर्वाद.

सांगणारी मी, लिहिणारी सूनबाई. तेव्हा अक्षर तिचं आणि खरेपणा माझा समजावा. इकडे सगळी बरी आहेत. तुझा गुडघा कसा आहे? अजून ठणकत असेल तर जप त्याला. ठणकणारा गुडघा नशिबानं मिळतो. माझ्या तळपायांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलंय.

त्याचं असं झालं. मागच्या आठवड्यात पायमशीनवर नातीचा फ्रॉक शिवून उठले, सकाळभर घरात हिंडले आणि फरशीवर लाल ठिपके दिसले म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. कुणी सांडलं, पुसायला काय होतं, वगैरे. (सूनबाई, हसू नकोस, लिही.) ही ठिपक्यांच्या मागं मागं आली ती थेट माझ्यापाशी. टाचेत सुई रुतलेली, आणि मला पत्ता नाही! हिनं मशीनचा चामडी पट्टा काढून कपाटात कुलूपबंद केला. पट्ट्याशिवाय पायमशीन म्हणजे नुसतं टेबल. नसांचे डॉक्टर हो म्हणाले तरच पट्टा परत, असं ठरलं.

मी तयारीनिशी गेले. डोळे मिटा, टोचलं की सांगा, असं तिथं करतात हे मला ठाऊक होतं. म्हणून तुझ्या भावजींना कोपऱ्यात बसवलं. डॉक्टरांनी टोचलं की ह्यांनी खोकायचं, हे खोकले की मी विव्हळायचं. सुरुवात झकास झाली. मग ह्यांना खराच खोकला आला, तो थांबेना. मी आपली "आई गं, मेले गं" करत राहिले. डोळे उघडून बघते तर डॉक्टर पलीकडे बेसिनवर हात धूत उभे.

भला माणूस, रागावला नाही. म्हणाला, मेंदूकडून पायाला "हल" असा हुकूम नेणाऱ्या नसा वेगळ्या आणि पायाकडून "दुखतंय" हा निरोप वर आणणाऱ्या वेगळ्या. तुमच्या साखरेनं ह्या दुसऱ्या कुरतडल्यात. हुकूम जातो, उत्तर येत नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मी दोन मुलगे वाढवलेत, मला नवीन काही सांगा. मग गुडघ्याखाली हातोडी मारली, तर पाय आपोआप उडाला! म्हणे, हे पाठीच्या कण्यातच ठरतं, डोक्याला मागाहून कळतं. अगदी आमच्या घरासारखं. सूनबाई ठरवते, मला मागाहून कळतं. (लिहिलंस ना?)

पाय हलतो, मग अडलं कुठं? तर जखम कळली नाही, चिघळली, तर पाय जाईल. म्हणून पट्ट्याला तूर्त नकार, आणि रोज तळवे कुणीतरी डोळ्यांनी तपासायचे. सूनबाई माझे पाय मांडीवर घेऊन बॅटरीनं बघते. तिचा हात मला कळत नाही, पण तो दिसतो, तेवढ्यानं बरं वाटतं. (हे खोडू नकोस.) मुलाबाळांना आशीर्वाद.

ता.क. सूनबाई दूध बघायला गेलीय, हे तुझे भावजी लिहितायत. तुझ्या मशीनचा जुना पट्टा पाठव. कागदात गुंडाळ आणि वर "औषध" लिही.

ता.क. मावशी, मी सून. पट्टा पाठवू नका. डॉक्टरांना विचारून आमचाच उद्या देतेय, बंद बूट घालून बसायच्या अटीवर. आई तुम्हाला "पाय सुधारला" असं कळवतील, ते मात्र खरं मानू नका. काल तळवे बघायला बसले, तर डोळे मिटून म्हणाल्या, "पुरे गं, गुदगुल्या होतात."

मी अजून बॅटरीच शोधत होते.