माझ्या हातचा बोल्ट

४ सप्टेंबर
माझा नवरा ऑरिन होता तेव्हा दुपारचं जेवण आम्ही वर्कशॉपमध्येच उरकायचो. अंड्याचं सँडविच. तो नवा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून नळी बंद करणारा दांडा, रायफलमध्ये बसवायचा आणि म्हणायचा, डोळे मिटून ओढ. बोल्ट कुठे अडतोय ते त्याच्या मापकांआधी माझ्या बोटांना कळायचं. तेवढ्यात तो माझं उरलेलं सँडविच संपवायचा.

आज टुसॉनहून कॉलीनचा फोन. आईने मोंटानातला आणखी एक हिवाळा एकटीने काढायचा नाही, असा लेकीचा हुकूम. शेवटी ठरलं ते असं: मी एकटीने एक रायफल घडवायची. ऑरिनचा मित्र डेलमार याने त्या रायफलीने एल्क हरीण मारलं, तर वर्कशॉप राहील, मीही राहीन. नाहीतर मुक्काम तिच्याकडे. म्हणजे प्रश्न मिटलाच.

१९ सप्टेंबर
बोल्ट तयार. त्याचे दोन्ही कान, टोकाचे ते खुंट, आत अगदी सारखे टेकतात. कारखान्यातल्या रायफलीत बहुधा एकच टेकतो, मग नेम हलतो. माझ्या बोल्टच्या कडेने कागदही जाणार नाही. शिवणाच्या तासाला सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, टाका असा घाल की दोऱ्याला श्वास घेता येऊ नये.

डेलमार बघून गेला. ऑरिनबरोबर जन्मभर शिकारीला गेलेला माणूस. थोडी फट ठेवा म्हणतो. त्याची कारखान्यातली रायफल म्हणे खुळखुळते, पण चिखल खाऊनही चालते. मी म्हटलं, खुळखुळे लहान मुलांना द्यावेत.

५ ऑक्टोबर
नेमबाजीच्या रेंजवर सगळ्या गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली. कॉलीनला कळवलं. ती माझ्यासाठी खोली फिकट जांभळी रंगवतेय. रंग वाया जाणार, पोरीला वाईट वाटेल.

२६ ऑक्टोबर, सकाळ
शिकारीचा पहिला दिवस. बर्फाने दार अडलंय, आतून हलत नाही. कंबरही. खिडकीशी बसले. सोमवारपासून नव्या ऑर्डरी घ्यायच्या.

संध्याकाळ
डेलमारनेच फावड्याने दार मोकळं केलं. मग रानातलं सांगितलं: एल्क समोर उभा होता. याने बोल्ट मागे ओढला, भुरभुरणारा बर्फ आत गेला, हाताच्या उबेने वितळला आणि गोठला. बोल्ट अर्ध्यावर रुतला. ना पुढे, ना मागे. एल्क जरा वेळ बघत राहिला आणि चालता झाला. डेलमार म्हणतो, "वहिनी, त्याला माझी कीव आली असावी."

२७ ऑक्टोबर
रायफल स्टोव्हजवळ ठेवली. बोल्ट लोण्यासारखा सरकला. म्हणजे दोष बोल्टमध्ये नाही, बर्फात आहे. कॉलीनला तसं सांगितलं. तिने विचारलं, एल्क स्टोव्हजवळ येतात का? बापावर गेलीय.

३० ऑक्टोबर
हंगाम अजून आहे. डेलमार म्हणतो, बोल्ट केसभर घासा, मी पुन्हा जातो. पॉलिश पेपर हातात घेतला. डोळे मिटून बोल्ट ओढला. इतका सुंदर बसलाय. उद्या घासू.

९ नोव्हेंबर
उद्या नक्की.

१ डिसेंबर
हंगाम संपला. शनिवारी कॉलीन न्यायला येतेय. फक्त हिवाळ्यापुरतं. मापकं गावच्या शाळेला. फावडं आणि सरपण चर्चला. स्टोव्ह कुणी हलवू नये. लोखंड कातायचा लेथ डेलमारला, उसना. रायफल माझ्याबरोबर, टुसॉनला बर्फ नसतो.

डेलमारला हे सांगितलं. म्हणाला, "तिथे वाळू असते, वहिनी."

लेथ दुसऱ्या कुणाला देता येईल का, पाहावं.