घोस पाठवणार नाही

अणदूर
मंगळवार, १४ मे २०२४

चि. शिवप्रियास,
काकूचे अनेक आशीर्वाद.

इथं सगळं बरं आहे. ऊन एवढं की पत्र्यावर पापड भाजून निघेल. रामहरीची जीप उद्या धाराशिवला जाणार आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू रडायला लागलीस की मी विरघळते, आणि या वेळी मला विरघळायचं नाही.

आधी कामाचं. रविवारी हळदीला केसांत माळायला तू आपल्या सीतेच्या वेणीचे घोस मागितले होतेस. ते येणार नाहीत. फुलं सुकली.

तुझी आई म्हणेल, उन्हानं गेली असतील. उन्हाला उगाच बोल लावू नका. या मुलखात सीतेच्या वेणीसारखं ऑर्किड जगवायचं म्हणजे काय, ते मला विचारा. आंब्याच्या खोडाला सुतळीनं बांधलेलं रोप, भोवती ओल्या बारदानाचे पडदे आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. कोल्हापूरकडं नोकरीला असताना तुझ्या काकांनी पावसात मोडून पडलेल्या फांदीवरून हे रोप उचलून आणलं, तेव्हा अख्खी गल्ली हसली. शेजारचा ईरण्णा म्हणाला, "भीमाशंकर, ह्ये बांडगूळ हाय रं. झाड खाईल तुजं." काका म्हणाले, "काय खात न्हाय. नुसतं बसतंय झाडावर."

त्याचं बी म्हणजे पिठाहून बारीक भुकटी. मातीत पेरून उपयोग नाही. काका ती जुन्या रोपाच्या मुळांजवळ, ओल्या सालीवर फुंकायचे आणि मग आम्ही वर्षभर साल न्याहाळत बसायचो. बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. एकदाच टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका दिसला. तू चौथीत होतीस, शाळेसाठी आमच्याकडेच राहायचीस, आणि तो ठिपका तूच पहिल्यांदा पाहिलास. पोरी, किती नाचली होतीस! आता ते रोप चांगलं थोराड झालंय. यंदा जुन्या-नव्या दोन्ही रोपांना हातभर घोस आले होते. काका गेल्यापासून पहिल्यांदाच.

बरं, किती आडवळणं घेऊ? फुलं सुकली नाहीत, मी सुकवली.

हे फूल कुणी छेडलं नाही तर दोन-दोन आठवडे ताजं राहतं. पण एकदा पराग बसले की ते मान टाकतं आणि मागचा देठ शेंग धरायला फुगतो. एरवी मी चार-पाच फुलांनाच पराग लावते. शनिवारी सकाळी चहा झाल्यावर आगपेटीच्या काडीनं या रोपाचे पराग त्याला, त्याचे याला, असे लावत बसले ते जेवायची वेळ टळेपर्यंत. एक घोस सोडला नाही. आज सगळे मलूल पडलेत. एवढ्या शेंगा रोपाला झेपणार नाहीत, थोड्या ठेवून बाकीच्या खुडेन. रागानं केलं, आणि करताना फार बरं वाटलं.

राग कशाचा, ते तुला ठाऊक आहे. शुक्रवारी फोनवर तूच म्हणालीस, "काकू, घोस तेवढे पाठव. पण हळदीला पुढं येऊ नको हां. तिकडच्या सारजाआजी विधवा बाईचं लई मानतात. लग्नाला ये, मागं बस." तेही मी गिळलं असतं. पण वर म्हणालीस, "आणि फुलं रामहरीदादाला तोडायला सांग. तू नको तोडू."

अगं, मी तोडलेलं चालत नाही, मग मी वाढवलेलं कसं चालतं? याच हातांनी तुझ्या उवा काढल्या. कांजिण्या आल्या तेव्हा रात्रंदिवस याच हातांनी तुला लिंबाच्या पाल्यानं वारा घातला. तेव्हा कुणी विचारलं नाही हे हात कसे आहेत. माझा नवरा गेला, हात नाही गेले. नवऱ्या मुलाच्या आजीचं मला काही वाटत नाही, त्या मला ओळखतही नाहीत. तू ओळखतेस. तुझ्या तोंडून आलं म्हणून लागलं.

तेव्हा आता नीट ऐक. रविवारी सकाळच्या एसटीनं मी येणार आहे. काकांनी शेवटच्या दिवाळीला घेतलेली हिरवी साडी नेसून येणार आहे, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझ्या आईनं हळद लावली की पुढचा हात माझा.

मी नको असेन, तर सारजाआजींना बोलायला लावू नकोस. तुझ्या आईलाही नको. पाटावर बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांत बघून तू स्वतः म्हण, "काकू, नको." मी तिथूनच परत फिरेन आणि जन्मात तुला त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण खाली मान घालून नुसती गप्प बसलीस, तर ते मी "लाव" असंच समजेन आणि तुझे दोन्ही गाल पिवळे करून मगच उठेन.

मागं न बसणारी,
तुझी
सोनालीकाकू